मिक्सर, मेथी आणि सुखाच्या आठ वाटा

बाबांचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दादा गॅलरीत जुना पेपर पसरून मिक्सर उघडून बसला होता. मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या गोडाच्या जेवणाची चटणी त्यातच वाटली होती. तरी त्याने तळाचं झाकण काढलं, चार स्क्रू एका वाटीत ठेवले, कार्बन बाहेर काढून फुंकले, फडक्याने पुसले आणि परत बसवले. मग परत काढले.

आत स्वयंपाकघरात आई, आत्या आणि मी मेथी निवडत होतो. आत्या म्हणाली, "वहिनी, अण्णाला घाम फुटला तेव्हाच निघायला हवं होतं का हो?" आईने दोन आठवडे देत होती तेच उत्तर दिलं, मी माझा नेहमीचा तुकडा जोडला, आणि ती रात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मेथी संपली तेव्हा आत्याने लसूण सोलायला घेतला, कारण बोलणं संपलेलं नव्हतं.

मला दादाचा भयंकर राग आला होता. घरात हे घडलंय आणि याला मिक्सर सुचतोय! पुढे कधीतरी वहिनीकडून कळलं, की दादाही आमच्यावर चिडला होता. "या तिघी रोज तीच जखम उकरत बसतात," असं तो तिला म्हणाला होता.

आता मागे वळून बघताना वाटतं, की काम दोन्हीकडे एकच चाललं होतं. जीव जरा हलका व्हावा, एवढंच. वाटा मात्र वेगळ्या होत्या. माणसं या वाटा कशा निवडतात, त्यात बाई किंवा पुरुष असण्याचा हात किती आणि स्वभावाचा किती, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे. त्यातलं जे मला पटलं, आणि जे पूर्ण पटलं नाही, ते इथे मांडते.

सुरुवात एका अभ्यासाने करू. 2006 साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या विद्यापीठातून क्रिस टकॅच आणि सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी तो प्रसिद्ध केला. संशोधकांचं लक्ष त्याआधी बराच काळ 'कोण सुखी असतं' याच्याकडे होतं. श्रीमंत की गरीब, लग्न झालेले की न झालेले, वगैरे. या दोघांनी प्रश्न फिरवला. आनंदी होण्यासाठी किंवा आहे तो आनंद टिकवण्यासाठी तुम्ही नेमकं करता काय, असं त्यांनी 500 विद्यार्थ्यांना विचारलं. त्यांत गोरे होते, आशियाई वंशाचे होते, मेक्सिकन वंशाचेही होते. उत्तरांमध्ये कुठल्या गोष्टी एकमेकींच्या सोबतीने येतात ते गणिताने तपासलं, तेव्हा आठ गठ्ठे पडले.

पहिला माणसं जोडण्याचा: मित्रमैत्रिणींशी बोलणं, त्यांना धीर देणं, मदत करणं, मदत घेणं. दुसरा पार्टीचा, त्यात नाचणं-पिणं सगळं आलं. तिसऱ्याला मी 'मनाला लगाम' म्हणेन, म्हणजे दुःखाचा विचारच करायचा नाही असं स्वतःला बजावणं, मनाशी झटापट करणं. मग ध्येयाच्या मागे लागणं, अभ्यास वगैरे. मग बसल्या जागची करमणूक, म्हणजे टीव्ही आणि व्हिडिओ गेम. (तेव्हा रील्स नव्हत्या, नाहीतर त्यांचा नववा गठ्ठा झाला असता.) त्याच्या उलट हातपाय हलवणारा विरंगुळा: व्यायाम, खेळ, छंद. सातवा देवधर्म. आणि आठवा थेट प्रयत्न, म्हणजे आपण आता आनंदी व्हायचं असं ठरवून टाकणं, मुद्दाम हसणं, आनंदी असल्यासारखं वागणं.

या आठ गोष्टी कोण किती करतो, आणि तो स्वतःला किती सुखी समजतो, यांचा मेळ घातल्यावर दोन आकडे हाती आले: 52 टक्के आणि 16 टक्के. असले आकडे वाचताना हमखास गफलत होते, म्हणून जरा थांबू.

52 टक्के म्हणजे 'तुमच्या सुखातला 52 टक्के भाग या आठ गोष्टींतून येतो' असं अजिबात नाही. एखाद्या तालुक्यातली सोयाबीनची पाचशे शेतं डोळ्यांसमोर आणा. कुणाचा एकरी उतारा तीन क्विंटल, कुणाचा दहा. ही तफावत का? समजा, तुम्हाला फक्त मशागतीची माहिती दिली. कुणी पेरणी कधी केली, खत किती टाकलं, फवारणी किती वेळा केली. तेवढ्यावरून प्रत्येक शेताचा उतारा ओळखायचा. अंदाज बांधताना तफावतीचा जेवढा भाग तुमच्या हाती लागला, तेवढी ती टक्केवारी. त्या 500 विद्यार्थ्यांमध्ये कुणी जास्त सुखी होतं, कुणी कमी, आणि त्या फरकाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग त्यांच्या 'मशागती'वरून सांगता आला.

पण मशागत काही जमिनीला सोडून नसते. काळी कसदार जमीन असलेला शेतकरी एक पीक घेतो, मुरमाड माळवाला दुसरं. म्हणून त्यांनी आधी जमीन मोजली. माणसाच्या बाबतीत जमीन म्हणजे स्वभाव. मानसशास्त्रज्ञ तो सहसा पाच बाजूंनी मोजतात: चारचौघांत रमणं, मनाची चटकन घालमेल होणं, शिस्त, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. स्वभावावरून फरकाचा किती भाग सांगता येतो ते आधी पाहिलं, मग त्यावर मशागतीने नव्याने किती भर घातली ते पाहिलं. ते 16 टक्के. म्हणजे स्वभाव आणि वाटा यांचा मोठा भाग एकमेकांत मिसळलेला आहे, तरीही सगळं काही स्वभावावर संपत नाही.

आता बायका आणि पुरुष. सरासरी पाहता मुलींचा कल माणसं जोडणं, ध्येयामागे लागणं, बसल्या जागची करमणूक आणि देवधर्म यांकडे जास्त निघाला. मुलांचा खेळ-छंदाकडे आणि मनाला लगाम घालण्याकडे. सुखाशी यांचं नातं बघितलं तर हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. माणसं जोडणारे, धार्मिक, पार्टी करणारे, खेळणारे आणि थेट प्रयत्न करणारे हे सगळे जास्त सुखी दिसले. मुलींकडे यातल्या दोन चांगल्या गोष्टी जास्त, मुलांकडे एक. मनाला लगाम मात्र सगळ्यांत जोरकस आणि उलट्या दिशेने निघाला. जो जितका मनाशी झटापट करतो, तो तितका कमी सुखी. आणि ही सवय मुलांमध्ये जास्त होती.

इथे जरा रेंगाळते, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथे आहे.

मन दाबायला गेलं की काय होतं, हे डॅनिएल वेग्नर यांनी 1987 साली एका साध्या प्रयोगात दाखवलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच, तर समोरची घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून गमतीचं पुढे झालं. त्याच मुलांना नंतर 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' असं सांगितलं, तेव्हा ज्यांना पहिल्यापासूनच मुभा होती त्यांच्यापेक्षाही यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. दाबलेलं दुप्पट जोराने वर येतं, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. पण किती वेळात आणि कसं, ते घंटीमुळे मोजता आलं.

मग दादा चुकला आणि आम्ही बरोबर? इतकं सोपं नाही. आमच्या मेथीच्या टोपलीवरही संशोधन आहे.

सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. मन खट्टू झालं की माणसं काय करतात, हा त्यांचा विषय. काही जण लक्ष दुसरीकडे वळवतात. काही जण तेच तेच उगाळत राहतात: मला असं का वाटतंय, माझ्याच वाट्याला का, मी तेव्हा असं केलं असतं तर. त्यांनी 137 विद्यार्थ्यांकडून याबद्दल एक प्रश्नावली भरून घेतली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला, सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. पूल पडले, माणसं गेली. संशोधकाला अशी संधी मागून मिळत नाही. कोण उगाळणारा आहे हे संकटाच्या आधीच कागदावर लिहून ठेवलेलं होतं. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच मुलांना गाठलं. आधीपासून ज्यांना उगाळायची सवय होती, त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त होती. सात आठवड्यांनीसुद्धा. भूकंपाआधी त्यांची मनःस्थिती कशी होती, हे हिशेबात धरूनही.

उगाळण्याची ही सवय बायकांमध्ये सरासरीने जास्त असते, असं त्यांनी आणि त्यांच्यानंतर इतरांनीही वारंवार दाखवलं. स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त का, याचं एक कारण हे असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळं कारण नव्हे, एक कारण.

म्हणजे मनाशी झटापट करण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. एकीत विचाराला दाराबाहेर ढकलून दाराला पाठ लावून उभं राहायचं. दुसरीत त्याला आत घेऊन चहा पाजत राहायचं. पहिलीकडे पुरुषांचा ओढा थोडा जास्त, दुसरीकडे बायकांचा. दोन्हींत दिवसभर तो विचारच घर अडवून बसतो.

आणि मैत्रिणीजवळ मन मोकळं करणं? ते तर चांगलंच ना? अमँडा रोझ या अमेरिकन संशोधिकेने शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हा दुधारी उत्तर मिळालं. दोन मैत्रिणी एकाच त्रासाबद्दल पुन्हा पुन्हा, तपशिलात जाऊन, एकमेकींना आणखी बोलायला लावत बोलतात, तेव्हा त्यांची मैत्री घट्ट होते. त्याच वेळी दोघींची उदासी आणि काळजीही वाढते. मुलग्यांमध्ये अशा बोलण्याने मैत्री घट्ट झाली, पण उदासी वाढलेली दिसली नाही. असं का, याची निरनिराळी उत्तरं दिली जातात. मला आमचं स्वयंपाकघर आठवतं. त्या दोन आठवड्यांत आत्या आणि आई जितक्या जवळ आल्या, तितक्या आधीच्या तीस वर्षांत आल्या नव्हत्या. आणि त्याच दोन आठवड्यांत आईची झोप पार गेली.

एक प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आला असेल: शेवटी जास्त सुखी कोण, बायका की पुरुष? एका जुन्या पण चांगल्या अभ्यासाचं उत्तर देते. फुजिता, डीनर आणि सँडविक यांनी 1991 साली दाखवलं, की माणसा-माणसांमधल्या सुखाच्या फरकातला एक टक्काही भाग बाई की पुरुष यावरून सांगता येत नाही. भावनांच्या तीव्रतेत मात्र 13 टक्क्यांहून जास्त फरक त्यावरून सांगता येतो. म्हणजे बायकांची सरासरी पातळी पुरुषांइतकीच, पण लाटा मोठ्या. दुःखाच्याही आणि आनंदाच्याही. नुसती उदासी मोजली की बायका दुःखी दिसतात. दोन्हीकडच्या लाटा मोजल्या की पारडं सारखं होतं.

त्यातही 'सरासरी' या शब्दाला सांभाळून असावं. जेनेट हाइड यांनी 2005 साली स्त्री-पुरुष फरकांवरचे 46 मोठे आढावे एकत्र करून बघितले. गणितापासून स्वभावापर्यंत सगळं त्यात होतं. तपासलेल्या फरकांपैकी 78 टक्के फरक एकतर लहान होते किंवा जवळपास नसल्यात जमा. मला मिक्सर उघडणाऱ्या बायका माहीत आहेत, आणि रात्री दोन वाजेपर्यंत तेच तेच उगाळणारे पुरुष तर कितीतरी. ते सहसा त्याला 'ऑफिसचं टेन्शन' म्हणतात.

स्वभावाचा हात मात्र लिंगाच्या मानाने बराच मोठा आहे. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी 1980 साली दाखवलं, की चारचौघांत रमणारा स्वभाव आणि चटकन घालमेल होणारा स्वभाव, या दोन गोष्टी मोजल्या तर दहा वर्षांनंतरच्या सुखाचासुद्धा अंदाज बांधता येतो. पहिल्याचं नातं आनंदाशी, दुसऱ्याचं दुःखाशी. 1996 मध्ये तर जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन यांनी असं लिहून टाकलं, की जास्त सुखी व्हायचा प्रयत्न करणं हे उंची वाढवायच्या प्रयत्नासारखं निष्फळ असू शकतं. पुढे लिकेन यांनी स्वतःच ते विधान मागे घेतलं. चांगलं केलं. अशी वाक्यं लोकांच्या तोंडी बसतात आणि मग निघता निघत नाहीत.

रिव्हरसाइडच्या अभ्यासातला मला सगळ्यांत आवडलेला भाग इथे येतो. स्वभाव सुखावर परिणाम करतो तो कुठून? निदान काही अंशी तरी वाटांमधून. चारचौघांत रमणारा माणूस सुखी दिसतो, त्याचं एक कारण तो माणसं जोडत राहतो. काळजीखोर माणूस दुःखी दिसतो, त्याचं एक कारण तो मनाशी झटापट करत बसतो. जमीन पिकावर परिणाम करते, पण काही प्रमाणात शेतकरी त्या जमिनीत काय पेरतो त्याच्यामार्फत. आणि पेरणं थोडंफार तरी हातात असतं.

मग घुम्या माणसानेही रोज चार लोकांत जाऊन बोलावं का? यावर चक्क प्रयोग झाले आहेत. 2002 साली विल्यम फ्लीसन यांनी बघितलं, की दिवसाच्या ज्या वेळी माणसं मोकळेपणाने, उत्साहाने वागतात, त्या वेळी त्यांना जास्त बरं वाटतं. एकलकोंड्या माणसांनासुद्धा. कॅनडातल्या जॉन झेलेन्स्की यांनी त्यात भर घातली: अशी माणसं 'मला नाही मजा येणार' म्हणतात तेव्हा त्यांचा अंदाज चुकतो, प्रत्यक्षात त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त मजा येते. लग्नाला जायचा कंटाळा करणारे आणि तिथून शेवटी निघणारे काका प्रत्येक घरात असतात, ते हेच.

पण 2019 साली मेलबर्नच्या संशोधकांनी हे पाच-दहा मिनिटांऐवजी सलग आठवडाभर करायला लावलं. रोजच्या आयुष्यात, जमेल तिथे बोलकं वागायचं. सरासरी निकाल छान आला. मुळात घुमे असलेल्यांना मात्र फायदा कमी झाला, त्यांना थकवा आला, चिडचिड वाढली, आणि 'हा मी नव्हेच' असं वाटायला लागलं. ज्यांच्या घरी पाहुणे आठ दिवस राहून गेले आहेत, त्यांना हा निकाल नवा वाटणार नाही.

आठव्या वाटेबद्दल, म्हणजे थेट 'आनंदी व्हायचंच' या प्रयत्नाबद्दलही संशोधन एका सुरात बोलत नाही. टकॅच-ल्युबोमिर्स्कींना हा प्रयत्न करणारे जास्त सुखी दिसले. 2011 साली आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांना उलटं दिसलं. ज्यांना आनंदी असणं अतिशय महत्त्वाचं वाटतं, त्या लोकांची सगळं सुरळीत चाललेलं असतानाच जास्त निराशा होते. कारण तेव्हा दुःखी असायला निमित्तही नसतं, आणि आपण अजून पुरेसे आनंदी कसे नाही हा हिशेब सुरू होतो. मग 2015 मध्ये ब्रेट फोर्ड आणि त्यांच्या गटाने हीच गोष्ट अमेरिका, जर्मनी, रशिया आणि पूर्व आशिया (जपान व तैवान) इथे तपासली. अमेरिकेत सुखामागे लागणारे कमी सुखी होते. जर्मनीत काही संबंध दिसला नाही. रशियात आणि पूर्व आशियात ते उलट जास्त सुखी होते. फरक कशाने पडला? तिथे 'सुखी व्हायचं' याचा अर्थ लोक 'माणसांमध्ये जायचं, कुणासाठी तरी काही करायचं' असा घेत होते. अमेरिकेत तो अर्थ तितकासा नव्हता. भारत त्या अभ्यासात नव्हता, त्यामुळे आपलं काय ते त्यावरून सांगता येणार नाही.

आपल्याकडे हे गठ्ठे जसेच्या तसे लावताना मला एक अडचण दिसते. आमच्या सोसायटीतलं बायकांचं भजनी मंडळ घ्या. गुरुवारी दुपारी चार वाजता. पेटी एकीच्या घरची, टाळ मंदिरातले. पाऊण तास भजन, मग अर्धा तास कुणाची सून, कुणाचे गुडघे, आणि शेवटी भिशीची चिठ्ठी. हे कुठल्या रकान्यात टाकायचं? देवधर्म, माणसं जोडणं की छंद? अमेरिकेतल्या विशीच्या मुलांची उत्तरं मांडताना हे रकाने वेगळे पडले. इथे ते एकाच सतरंजीवर बसलेले असतात. धार्मिक माणसं जास्त सुखी दिसतात, त्यात श्रद्धेचा वाटा किती आणि सतरंजीचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. 'मुलांचा कल खेळ-छंदांकडे' असं वाक्य वाचलं की ते आवडीचं वाक्य वाटतं. पण आवड चालवायला वेळ लागतो, आणि वेळ घरात सारखा वाटलेला नसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली भारतभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात 26 होते, बायका 81. 2024 साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांची मिनिटं 299 वरून 289 वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटं. पुरुषांची मिनिटंही 97 वरून 88 झाली, म्हणजे बायकांची ती दहा मिनिटं काही नवऱ्यांनी उचललेली नाहीत.

संध्याकाळी सहा वाजता बॅडमिंटनची रॅकेट घेऊन निघायला कुकर दुसऱ्या कुणीतरी लावावा लागतो. बसल्या जागची करमणूक बायकांमध्ये जास्त का, याचं उत्तर मला तरी स्वभावाइतकंच इथे दिसतं. मालिका बघता बघता शेंगा निवडता येतात, कपड्यांच्या घड्या घालता येतात. पोहता पोहता येत नाहीत. अर्थात कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या मुलींना कुकर लावायचा नव्हता, तरी त्यांच्यात हा कल दिसला. म्हणजे सगळं खापर वेळेवर फोडता येणार नाही. पण इथली आकडेवारी बघताना वेळ विसरूनही चालणार नाही.

आणि शेवटची शंका, जी कुठल्याही अशा अभ्यासाला विचारायलाच हवी: पार्टी करणारे सुखी होतात, की सुखी माणसांनाच पार्टीला जावंसं वाटतं? मनाशी झटापट करणारे त्यामुळे दुःखी होतात, की दुःखी माणसालाच झटापट करावी लागते? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून मला तो भूकंपाचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तिथे सवय आधी नोंदली होती आणि संकट नंतर आलं.

पुरुषांच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. ते बोलत नाहीत, म्हणजे त्यांची मैत्री उथळ असते, असं सरसकट म्हटलं जातं. पॉल राइट यांनी 1982 साली मांडलेला एक भेद इथे उपयोगी पडतो: बायकांची मैत्री बरेचदा समोरासमोर बसून होते, पुरुषांची शेजारी शेजारी. मधे काहीतरी काम, खेळ, यंत्र असतं आणि दोघांची नजर त्याच्यावर असते. ऑस्ट्रेलियात 1990च्या दशकात यावरच एक चळवळ उभी राहिली. निवृत्त, एकट्या पडलेल्या पुरुषांसाठी 'मेन्स शेड' काढल्या. समुपदेशकाची खुर्ची वगैरे काही नाही. सुतारकामाची टेबलं, करवती, नादुरुस्त सायकली आणि चहाची किटली. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आज तिथे अशा हजाराहून जास्त शेड आहेत.

हे वाचून झाल्यावर गेल्या दिवाळीत मी एक प्रयोग करून पाहिला. दादा आईचं जुनं शिलाई मशीन उघडून बसला होता. या वेळी ते खरंच बिघडलं होतं. नेहमीसारखी "काय रे दादा, कसा आहेस" अशी सुरुवात न करता मी नुसती शेजारी बसले आणि स्क्रूची वाटी धरली. वीसेक मिनिटं आम्ही फक्त मशीनबद्दल बोललो. बॉबिन केसमध्ये दोरा गुंतून त्याचा गोळा झाला होता, तो सुईने काढत असताना, वर न बघता तो म्हणाला, "त्या रात्री मला गाडीची चावी सापडत नव्हती. पाच मिनिटं गेली. शर्टाच्या खिशातच होती."

सात वर्षांत हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात आम्ही ती रात्र शंभर वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती, आणि आमच्या गोष्टीत ती पाच मिनिटं कधी आलीच नव्हती.

मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "तेलाची कुपी दे गं," आणि मी दिली.